छाटणीनंतर

मार्च लागला की मिरसिनी
झाडाखाली उभी राहते, कमरेवर हात,
आणि मी वर, करवत घेऊन.
"टोपलीएवढं आभाळ दिसू दे मधून," म्हणते.

खाली पडेल त्याची वाटणी तिची:
मनगटाएवढं जाड ते चुलीला,
कोवळा पाला शेळ्यांना,
एक वाकडं लाकूड मात्र बाजूला –
"चमचा आहे यात."

उरलेलं नवरा पेटवून द्यायचा.
तालीतालीवरून धूर चढायचा,
अख्ख्या डोंगराला खोकला.
यंदा तिनं प्लोमारीहून यंत्र आणलं, भाड्यानं.
पैसे दोन दिवसांचे, म्हणून जेवायलाही थांबली नाही.
काटक्या आत, चुरा बाहेर,
कडवट हिरवा वास दोघांच्या केसांत.

बुंध्याभोवती पसरला आम्ही, चार बोटं जाड,
खोडाला न भिडवता.
खालची आंबुशी गुदमरली.
पलीकडे इग्नातिसनं औषध फवारलं होतं;
त्याची ताल गंजल्या पत्र्यासारखी.

उरलेल्या तणावर मी विळा घेऊन वाकलो
तर तिनं मनगट धरलं:
"ही नको, ही रात्रीची भाजी.
आणि ती रानमोहरी – फुलू दे आधी,
माश्यांचं देणं आहे."
मग तण कुठलं, मी विचारलं.
बराच वेळ जमीन बघत राहिली.
"जे मला वाकवतं आणि खाताही येत नाही, ते."

संध्याकाळी सवयीनं
खिशातून काडेपेटी काढली तिनं.
जुन्या जाळाच्या काळ्या वर्तुळापाशी उभी राहिली,
तिथे अजून काही उगवत नाही.
पेटी हलवली. वाजली.
परत ठेवली.

"चुरा इथेही टाक," म्हणाली,
"जरा जास्तच."