चौदा नंबरची जागा

हँगरच्या भिंतीवर पिवळ्या रंगात
प्रत्येक हत्याराची सावली रंगवलेली आहे.
पाना काढला की सावली उघडी पडते,
आणि ती उघडी असेपर्यंत
विमान दाराबाहेर ढकलायचं नाही.
तीनशे बारा पानी नियमपुस्तिकेतलं
एवढं एकच वाक्य मला पाठ आहे.
बाकीचं मीच लिहिलेलं, तरी
पुन्हा उघडून बघावं लागतं.

मान्यतेच्या नूतनीकरणाला कुरियनसाहेब आले
ते नेमके अष्टमीला.
बिजासनच्या टेकडीवरून भोंग्यातली भजनं,
आणि आत साहेब
टॉर्क रेंचवरच्या चिठ्ठीची तारीख
चष्मा कपाळावर सारून वाचताहेत.
सीलंटची ट्यूब कधी फोडली? कोणी?
या खोलीतला दमटपणा कोण मोजतं?
रविवारी?
म्हटलं, रविवारी यादव.
त्यांनी रविवारचीच पानं मागितली.

चौदा नंबर तेव्हा उघडा होता.
साहेब त्या भिंतीपर्यंत पोचलेच नव्हते,
मध्ये जेवायला गेले.
मी इंजिनात आरसा घालून पाहिलं,
सीटखाली, पंखाच्या सांध्यात,
हात जाईल तिथे हात, नाही तिथे टॉर्च.
देवासची एक मुलगी उद्या याच विमानात
पहिल्यांदा एकटी बसणार होती.

तेवढ्यात बोधनकर आले,
स्कूटर स्टँडवर न लावता, भिंतीला टेकवून.
एकतीस वर्षं. कानानं सिलिंडर ओळखणारा माणूस.
डब्याच्या पिशवीत, पोळीच्या फडक्यात
रात्रभर त्यांच्या घरी होता पाना.
"हिनं भांड्यांबरोबर घासून ठेवलाय," म्हणाले.

टांगला असता की संपलं असतं.
साहेब हात धुऊन येईस्तोवर
भिंत साळसूद झाली असती.
माझा हात पुढे झालाही होता, खोटं कशाला बोलू.
त्यांनी पाना दिला नाही.
म्हणाले, "आधी वही."
आणि नावाच्या रकान्यात पूर्ण नाव,
वडिलांच्या नावासकट,
पेन्शनच्या अर्जावर करावी तशी सही.

मान्यता आली दिवाळीनंतर,
दोन निरीक्षणांसकट.
पहिलं त्यांचं.
दुसरं माझं:
आदल्या संध्याकाळी हत्यारांची मोजणी
न करताच 'केली' अशी खूण.

कागद चौकटीत लावलाय, दारासमोर.
निरीक्षणं फायलीत आहेत.
संध्याकाळी सगळे गेले की मी भिंतीशी उभी राहते,
एकेका हत्याराला बोट लावत मोजते.
चौदाला थांबते.
तो अजूनही इतरांपेक्षा
जरा जास्त चकाकतो.