बत्तीस फूट पन्हळ

कारेलीबागेत, पत्र्याच्या जोडघरांना
बत्तीस फुटांची एकच पन्हळ आहे.
सोळा माझी, सोळा इंदुवदनभाईंची.
मध्ये एक सांधा,
आणि सांध्यावर नऊ वर्षांचा अबोला.

भांडण तसं साधंच.
आसोपालव त्यांचा, पानं माझ्या वाट्याला.
उतार त्यांच्याकडे, नळ त्यांच्या कोपऱ्यात,
म्हणून ते म्हणाले, पाणी तुमचं, साफ तुम्ही करा.
मी म्हटलं, पानं कुणाची?
तिथंच थांबलं सगळं.
पाणी मात्र थांबलं नाही.
माझ्या भिंतीवर त्यानं एक नकाशा काढला,
दर श्रावणात थोडा वाढवला.
पाहुणे विचारतात, हा कुठला देश?

यंदा मेच्या शेवटच्या रविवारी
गुडघ्याला पट्टा बांधून मी शिडीवर चढले.
पुतण्या फोनवर म्हणाला, अगं, माणूस लाव.
लावला होता गेल्या साली.
चारशे रुपये घेतले त्यानं
आणि सगळा गाळ सांध्यापाशी
मन लावून रचून ठेवला.

वर काय नव्हतं!
वरची पानं चॉकलेटी, खालची काळी,
तळाशी तर नुसतं लोणी.
पारव्याचं सोडलेलं घरटं,
दिवाळीतल्या रॉकेटची काडी, एक शटलकॉक,
करंगळीएवढा पिंपळ, मूळ मात्र हातभर.
आणि उत्तरायणाची दोरी.
किती जानेवाऱ्यांची कोण जाणे,
गुलाबी, पोपटी, काच लावलेली,
भिजून सुकून एकच जाड शेपूट झालेली.
खुरप्यानं तुटेना, म्हणून ओढली.
सांध्याखालून ती पलीकडे गेली होती.
पुन्हा ओढली,
तर पलीकडून कुणीतरी ओढली.

छपराच्या कडेवरून आधी टोपी वर आली,
मग चष्मा.
बहात्तराव्या वर्षी तेही चढले होते,
आणि दोरीचं दुसरं टोक त्यांच्या मुठीत होतं.
"ढील, मृणालबेन," ते म्हणाले, "ढील आपो."

मी ढील दिली.
हातमोज्यातून बोट चिरलंय, हे नंतर कळलं.

मग त्यांनी नातवाची गोटी आणली.
माझ्या टोकाला ठेवली, ती घरंगळत निघाली,
सातव्या फुटावर अडली.
खालचा आकडा ठोकून वर घेतला.
पुन्हा गोटी. पुन्हा ठोक.
चौथ्यांदा ती टणकन नळात पडली
आणि आम्ही दोघं उगाच इकडेतिकडे पाहिलं.
सांध्याला लांबी भरली, नळाच्या तोंडावर
त्यांच्या स्वयंपाकघरातली जुनी चाळणी.
मी इकडून बादली ओतली.
"आलं का?"
"आव्युं, आव्युं!"
सामान सत्तेचाळीस रुपयांचं झालं.
साडेतेवीस त्यांनी मोजून घेतले.
बरं वाटलं मला.

ऑगस्टमध्ये तीन रात्री उसंत नव्हती.
फोनवर दर तासाला विश्वामित्रीचे फूट येत होते.
पलंगाखाली विटा, पलंगावर पीठ, पासबुकं, मिक्सर.
आमच्यात म्हणतात, वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही.
त्यांच्यातही तेच: नेवानां पाणी मोभे न चडे.
नदीला दोन्ही भाषा येत नाहीत.
तिचं ती बघेल.
माझ्या हातात आहे ते
माझ्याच डोक्यावर पडणारं,
तेही सोळा फुटांपुरतं.

अंधारात बसून मी नळ ऐकत होते.
भरल्या गळ्यानं तो बोलत होता, न थांबता,
आणि नकाशा कोरडा होता.

अडीचच्या सुमारास आवाज बारीक झाला.
पाऊस तर तसाच कोसळत होता.
मी उठेपर्यंत भिंतीवर दोन टकटक.
"पान अडक्युं छे!"
म्हणजे तेही जागे होते, तेही ऐकत होते.
"कुणाचं?" मी ओरडून विचारलं,
आणि टॉर्च घेऊन, कळकाची काठी शोधत
बाहेर पडले.