घडी

पहाटे चारला मी तळघरात उतरते.
वर पाच मजल्यांचं इस्पितळ झोपलेलं, की झोपेचं सोंग घेतलेलं.
खिडकीच्या फटीतून सान नदीचा गारठा आत येतो
आणि आमच्या वाफेत विरून जातो.
प्शेमिशलचा हिवाळा असाच रेंगाळतो,
चहा संपला तरी न उठणाऱ्या पाहुण्यासारखा.

पहिलं मशीन लावताना मी क्रुसाची खूण करते.
बोगुमिला हसते : "साबणाला आशीर्वाद देतेस होय?"
जपमाळ घरी खुंटीवर आहे. ओल्या बोटांतून मणी सरकत नाहीत.
म्हणून मी चादरी मोजते.

शस्त्रक्रियेकडची, पिवळ्या औषधाचे ओघळ असलेली.
बाळंतिणींची, रक्ताची.
रक्त गार पाण्यातच निघतं, गरम घातलंत तर कायमचं बसतं,
हे मला आईनं शिकवलं.
लहान मुलांकडची, एक कोपरा चघळून चघळून मऊ केलेला.
प्रत्येकीमागे एक श्वास :
प्रभू, हा जो कोण असेल तो.
एवढंच. नाव मला ठाऊक नसतं.
तुला असेल, असं धरून चालते.

रोज जमतंच असं नाही.
कधी पाठ धरते. कधी विजेच्या बिलाचा आकडा
जपासारखा डोक्यात फिरत राहतो
आणि दोनशे चादरी देवावाचून धुतल्या जातात.
त्याही तितक्याच पांढऱ्या निघतात.
याचा मला थोडा रागच आहे.
फादर सेवेरिनना कबुलीच्या वेळी सांगितलं तर
जाळीपलीकडून ते शिंकले, म्हणाले, "बाई, धूत राहा."
सर्दी झाली होती त्यांना.

नोव्हेंबरात चौथ्या मजल्यावरून एक गाठोडं आलं.
इथल्या चादरी सगळ्या सारख्याच, निळ्या पट्टीच्या,
पण अभ्र्याला कापराच्या मलमाचा वास होता,
आईच्या गुडघ्यांचा.
त्या दिवशी मी कुणासाठीच काही म्हटलं नाही.
दार लावलं आणि गोल काचेसमोर
उलट्या बादलीवर बसून राहिले चाळीस मिनिटं.
फेस चढला, फेस उतरला.
माझ्या वाटणीच्या चादरी बोगुमिलानं घातल्या, शब्दही न काढता.
ती देव मानत नाही, असं गाव म्हणतं.

मग ईस्टरची पहाट. देवळात ओल्या कोटांचा वास,
आणि कबरेचं तेच वाचन, लहानपणापासून ऐकलेलं :
सरकलेली धोंड, धापा टाकत आलेले दोघे, आत पडलेलं ताग.
आणि तोंडावरचा रुमाल मात्र वेगळा,
एका बाजूला, नीट घडी घालून.

मी बाकावर ताठ झाले.
कुणी घातली ती घडी?
मरणातून उठलेला माणूस. दार उघडं. बाहेर उजाडतंय.
सगळ्या सृष्टीला त्याची घाई,
आणि तो थांबतो.
टोकाला टोक लावतो,
भोक पडलेल्या तळव्यानं सुरकुती मोडतो.
ज्या कामाला माझ्या पगारपत्रकावर
धड नावसुद्धा नाही, ते काम
त्यानं सगळ्यात आधी उरकलं.
पुढचं प्रवचन मी ऐकलं नाही. मी माझे हात बघत होते.

सोमवारी कामावर गेले.
ओल्या सोमवारचा रिवाज म्हणून दारातच
बोगुमिलानं भांडंभर पाणी माझ्या अंगावर फेकलं
आणि पोरीसारखी खिदळली.
पोटऱ्यांपर्यंत निथळत मी ढिगाशी उभी राहिले.
आईची घडी मोडली, ती काही बसली नाही अजून.
बसेल की नाही, सांगता येत नाही.

"धर," ती म्हणाली.
मोठी चादर एकटीनं होत नाही.
दोन टोकं तिच्याकडे, दोन माझ्याकडे,
एक झटका, मधे क्षणभर फुगलेलं पांढरं,
मग ती चार पावलं माझ्या दिशेनं येते,
तिची बोटं माझ्या बोटांना लागतात, खरखरीत, गार,
कोपरे माझ्या हाती देते
आणि पुढची उचलायला वाकते.