एक हात पाठीमागे

कुलगुरूंच्या केबिनमधली ट्यूब फडफडत होती,
म्हणून मला बोलावणं आलं.
मी शिडी लावतोय तोवर बाई खुर्चीतूनच म्हणाल्या,
"भोईर, ट्यूब ठीक आहे. चोक गेलाय. आवाज ऐका."
सव्वीस वर्षं वायरमन आहे मी इथे,
साहेब लोकांनी घड्याळ बघायला सांगितलं, आवाज ऐकायला कुणी नाही.

उतरताना पाहिलं,
उभ्याउभ्या सही चालली होती,
डावा हात पाठीमागे, मुठीत पदराचं टोक.
मनात म्हटलं, रुबाब आहे.

रुबाब नव्हता तो.
नंतर त्यांनीच सांगितलं, चहा बशीत ओतताना:
बहात्तर साल, माटुंग्याचं कॉलेज, मशीन लॅब,
एकशे बारा मुलगे आणि एक कुमुद टिपणीस.
अल्मेडा मास्तरांच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं.
पहिल्या दिवशी त्यांनी तोच हात वर केला:
"जिवंत पॅनलला एकच हात. दुसरा खिशात.
दोन्ही लावलेत तर करंट छातीतून जातो."
एकशे बारा हात खिशात गेले.
"साडीला खिसा कुठला, सर?"
मास्तरांनी डोकं खाजवलं.
"मग मागे धर, पोरी. पदर मुठीत. सोडू नकोस."

पुढे ट्रॉम्बेचं वीजकेंद्र, रात्रपाळी.
बायकांचं न्हाणीघर ऑफिसच्या इमारतीत,
जायला अकरा मिनिटं, यायला अकरा,
आणि रिलेची चाचणी त्या बावीस मिनिटांच्या हिशेबाने.
एका रात्री फ्रिक्वेन्सी ढासळायला लागली.
कुणाला अंधारात ठेवायचं, याची यादी करायची होती.
परळची इस्पितळं शेवटी.
आधी चौपाटीवरच्या जाहिराती,
मग लगेच गिरगावचा फीडर,
ज्यावर टिपणीसांची खोली, दम्याचे वडील आणि एक पंखा.
सकाळी आईने विचारलं, "दिवे कुणी घालवले गं?"
"मीच," म्हणाल्या, आणि तोंड धुवायला गेल्या.

मग शिकवणं, डॉक्टरेट, विभागप्रमुख, डीन,
ते सगळं बायोडेटात आहे, मी काय सांगणार.
मला आठवतं ते असं की
सिनेटमध्ये लोक बाकं वाजवत असायचे
आणि बाई मान तिरकी करून बसायच्या,
खोलीत नेमकं काय गुणगुणतंय ते ऐकत.
मंत्रालयातून फोन आला की उजव्या हाताने उचलायच्या.
डावा मागे.
चार वर्षांत किती कॉलेजांच्या परवानग्या तिथेच ट्रिप झाल्या!
लोक म्हणाले, बाई कोरडी आहे.
कोरडीच असायला हवी. ओल्या हाताने कोण पॅनलला शिवतं?

पण एक दिवस सांगतो.
निकालात भांडुपची एक मुलगी गैरहजर दाखवलेली.
बाप प्लंबर. पाच दिवस दोघं जिन्यावर बसले,
हॉलतिकीट प्लास्टिकच्या पिशवीत, ओलं होऊ नये म्हणून.
सहाव्या दिवशी बाई म्हणाल्या, "भोईर, बॅटरी घ्या."
वडाळ्याच्या गोदामात फ्यूज उडालेला,
गठ्ठे छतापर्यंत, उंदीर,
आणि कुलगुरू स्टुलावर चढलेल्या.
रात्री नऊला उत्तरपत्रिका सापडली,
दुसऱ्याच विषयाच्या गठ्ठ्यात, एका दोऱ्याने अडकलेली.
एकाहत्तर मार्क.

परत येऊन त्यांनी ती मुलीसमोर धरली.
दोन्ही हातांनी.
पदर सुटून जमिनीला लागला, धुळीने माखलेला,
आणि बाईंचा श्वास असा लागला की मी पुढे झालो.
"बसा मॅडम."
"थांब रे," म्हणाल्या. "जाऊ दे जरा आरपार."

आता त्यांचं तैलचित्र लावलंय कॉरिडॉरमध्ये, रांगेत सातवं.
चित्रकाराने दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवलेत,
अंगठीसकट. अंगठी त्या घालत नसत.
कुणाला सांगायला गेलो नाही.
फ्रेमवरचा दिवा मात्र बारीक आवाज करतोय,
येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकू येत नाही.
उद्या शिडी आणतो.