दीड बंध

सार्प्सबॉर्गला वाऱ्याची दिशा नाकाला कळायची.
एरवी गंधक, नुकत्याच ओढलेल्या काडीसारखं,
आणि कधीतरी, बहुतेक गुरुवारी,
अख्ख्या गावाला व्हॅनिला.
नदीकाठच्या गिरणीत स्प्रूसच्या ओंडक्यांचा लगदा व्हायचा,
लगदा निघाल्यावर उरलेल्या काळ्या पाण्यातून
आइस्क्रीमचा वास काढायचे.

बाबा त्याच विभागात, तेवीस वर्षं.
त्यांचा कोट दाराबाहेर टांगायचा, हा आईचा नियम.
आमच्या केकमध्ये व्हॅनिला कधी पडला नाही.
आई म्हणायची, हे आत आले की पडतोच.

सातवीत होते. दुधाच्या बिलामागे
त्यांनी षटकोन काढला, आत एक गोल.
हे बेंझिनचं वलय. इथे हायड्रॉक्सिल,
शेजारी मेथॉक्सी, पार समोरच्या टोकाला अल्डिहाइड.
झालं व्हॅनिलिन.
याला सुगंधी संयुग म्हणतात,
पण त्या नावाचा वासाशी काही संबंध नाही,
घासलेट हुंगल्यासारखे वास येणारीही यातच.
कुणीतरी कधीतरी म्हटलं, चिकटलं.

(माझंही तसंच. इथे इंग्विल्ड.
फायलीत हान मी-रान,
तेही देगूच्या अनाथालयातल्या एका कारकुनाने
त्या महिन्याच्या यादीतून दिलेलं.)

आतला गोल कशाला, मी विचारलं.
म्हणाले, कागदावर एक बंध एकेरी, पुढचा दुहेरी,
असे आळीपाळीने काढतात.
मोजायला गेलं तर सहाही सारखे.
दीड म्हण.
मग ते या चित्रातून त्या चित्रात उड्या मारतं का?
नाही गं. ते कायम तेच असतं.
आपल्याकडे त्याचं चित्र नाही, एवढंच.

त्याच हिवाळ्यात मारित आत्या मादागास्करहून आली.
काचेच्या नळीत एक काळी, सुरकुतलेली शेंग.
हा खरा, ती म्हणाली, तुमचा तो लाकडाचा.
बाबांना झोंबलं. टेबलावर हात आपटून म्हणाले,
रेणूला आई आठवत नसते, मारित.
ऑर्किड काय, स्प्रूस काय.

मग कुणीच काही बोललं नाही.
आईने माझ्याकडे पाहिलं, मग किटलीकडे.
बाबांचे कान लाल झाले
आणि मी दुसरा केक मागितला, भूक नसताना.

आता मी ओस्लोला, तपासणीच्या प्रयोगशाळेत.
बाटलीवर 'अस्सल' लिहिलेलं असतं,
आम्ही ते जाळून धुरातला कार्बन मोजतो.
ऑर्किड रात्री श्वास घेते,
तिच्या कार्बनमध्ये जड समस्थानिक जरासा जास्त.
स्प्रूसमध्ये कमी.
वास तोच, वितळणबिंदू तोच, षटकोन तोच.
फक्त यंत्र एक आकडा छापतं.

म्हणजे आठवते.

हे मी त्यांना अकरा वर्षं सांगितलं नाही.
आई गेली, त्यांचं नाक गेलं,
वृद्धाश्रमात सूप आणि साबण एकच झाले,
तेव्हा एका रविवारी, सफरचंद चिरता चिरता, सांगून टाकलं.

ते बराच वेळ खिडकीकडे बघत राहिले.
किती फरक?
हजारात सातेक.
ओठ हलले, हिशोब चालला होता.
मग उरलेले नऊशे त्र्याण्णव?
त्यांचं काय, असं पुढे म्हणाले नाहीत.
जुन्या फोरमनसारखं नुसतं विचारलं,
माल कुठे गेला, तसं.

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सफरचंद काळं पडत होतं.
त्यांनी रुमालाचा कागद ओढला, पेन्सिल मागितली.
हात इतका थरथरत होता
की षटकोनाची एक बाजू लागलीच नाही.
आतला गोल मात्र पुरा काढला,
दोनदा गिरवला,
आणि परिचारिका कॉफी विचारायला आली तेव्हा
हो म्हणाले, साखर दोन,
हिलाही.