चार सेकंद आणि वर थोडं

चाळकेवाडीच्या सड्यावर, जिथं जांभ्यात
पहार घुसत नाही आणि पाणी दोन बोटं मुरतं,
तिथं एका निळ्या पिंपात आमचं यंत्र पुरलेलं.
महिन्यातून एकदा साताऱ्याहून जीपनं येते,
झाकणावरचा धोंडा सरकवते, कार्ड बदलते,
बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी पुसते.
राखण धुळू येडगेची. पगार, नाही म्हणायला.

"काय ऐकतंय हे?" पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं.
म्हटलं, लांबचे भूकंप. सुमात्रा, जपान, कुठलेही.
"आणि इथले?"
इथलेही. पण मला हवेत ते परके.
परक्याचा हादरा खालून येतो,
उभा, विहिरीतून बादली यावी तसा,
आणि भूकवचाच्या बुडाशी, जिथं जड खडक संपून
हलका सुरू होतो, तिथं फुटतो:
एक लाट पुढं पळते, एक मागं रेंगाळते.
दोघींच्या पावलांत जेवढं अंतर पडेल
तेवढी ह्या सड्याखाली जमीन जाड.

चार सेकंद आणि वर थोडं.
म्हणजे छत्तीस-सदतीस किलोमीटर.
आकडा ऐकून धुळूनं खाली पाहिलं,
एक वहाण काढली, पुन्हा घातली.

डोंगर उंच तर मूळ खोल, असं शिकले होते.
कऱ्हाडच्या यंत्रापेक्षा हे सहाशे मीटर वर;
तेवढ्या उंचीला अर्धा सेकंद मूळ हवं.
मला सापडलं त्याच्या पाव.
मग हा उचलून कुणी धरला?

जांभा साक्षीला आहे.
तो कड्याच्या टोकावर जन्मत नाही;
पाणी साचेल, ओल येत-जात राहील,
लोखंड मागं उरून गंजेल
अशा सपाट, बुटक्या मुलखात तो पिकतो.

वडील कृष्णेत वाळू काढायचे. मी आठ वर्षांची,
काठावर बसून बघायचे: भरलेली नाव
कडांपर्यंत बुडालेली, आणि पाटीमागून पाटी
उतरली की बोट बोट वर येणारी.
कुणी उचलत नव्हतं तिला.
उरमोडी, तारळी, ह्या पाटीवाल्याच.
दऱ्या उपसून नेल्या त्यांनी,
आणि जो झिजला नाही तो माथा
बाकीच्यांच्या जाण्यानं वर आला.
एवढाच माझा अहवाल. उरलेली बावीस पानं आलेख.

धुळूला सांगितलं. तो म्हणाला,
"म्हणजे मी शेणखत खाली ठोसेघरला विकतो,
तेवढा सडा वर?"
होय. तेवढा.
"मग भाव वाढवायला पायजे."

आलेखात सगळंच उमटतं. पवनचक्क्यांची घरघर
रात्रभर, दाट. ती गाळते.
कुठल्याशा खाणीचा सुरुंग. मुक्कामाची एसटी.
आणि रोज संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला
बारीक चऱ्हाटासारखी ओळ: अकरा म्हशी
टाक्यावरून परतताना पिंपाजवळून जातात.
ती मी कधी गाळली नाही.
घड्याळ पडताळायला बरी, असं वहीत लिहिलं.

मार्चच्या कार्डात चौदा तारखेपर्यंत आहे ती ओळ.
पंधराला नाही. सोळाला नाही.
एकवीसला जावाजवळचा मोठा भूकंप, इतका स्वच्छ
की दोन्ही लाटा नुसत्या डोळ्यांनी दिसाव्यात.
पट्टी लावली.
चार सेकंद आणि वर थोडं.

एप्रिलमध्ये गेले तेव्हा धोंडा जागेवर होता,
त्याच्याखाली प्लॅस्टिकमध्ये कुंपणाची किल्ली
आणि शाळेतल्या कुणा पोराच्या अक्षरात चिठ्ठी:
पोराकडं शिरवळला चाललोय. बॅटरीत पाणी घातलंय.
गोठ्याच्या जागी शेणाचा काळा चौकोन.
मी कार्ड बदललं, झाकण लावलं.
मग, कारण नसताना,
पिंपापासून टाक्यापर्यंत गेले आणि परत आले,
पाय आपटत.
साडेसहा वाजले होते.