जावक क्रमांक ४१३ अ

पत्र मीच टाईप केलं.
तेवीस तारीख. कुपवाडची लाईट गेलेली,
जनरेटर धडधडत होता आणि साहेब म्हणाले,
तारीख सहा टाका.

सहा का, ते विचारायची गरज नव्हती.
नऊपासून नेमगोंडा मगदूम आजारी रजेवर,
मिरजेत, मणक्याच्या वॉर्डात, कुशीवर.
अकरा वर्षं साचे उचलून
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी
एका सकाळी सरकली,
तेव्हा त्याच्या हातात आमच्याच पंपाची बॉडी होती.

विमा दवाखान्याचं सर्टिफिकेट
मीच फायलीला लावलेलं.
विम्याचा आजारभत्ता चालू असताना
माणसाला काढता येत नाही,
हे टाइम ऑफिसच्या भिंतीवरच आहे:
कायद्याचा गोषवारा, पिवळा पडलेला, कलम त्र्याहत्तर.
त्याच्यावर गणपतीचं कॅलेंडर.
कॅलेंडर मीच टांगलंय. खिळा एकच होता.

मग जावक रजिस्टर.
सहा तारखेच्या पानावर जागाच नव्हती.
४१२, इचलकरंजीला बेअरिंगचं कोटेशन.
४१३, वीज कंपनीकडे तक्रार.
४१४ला लगेच सात तारीख.
साहेबांनी दोन ओळींच्या फटीवर बोट ठेवलं.
"इथं. चारशे तेरा अ."

अ.
पाटीवर मी पहिल्यांदा गिरवलेलं अक्षर.
शब्दाच्या आधी लावलं की शब्द उलटा होतो,
हे बरंच नंतर कळलं. शक्य. मान्य. न्याय.
मी तो फटीत बसवला, अंग चोरून.

सहा तारखेला माझं पेन निळं होतं.
तेवीसला ते वाळलं, मी काळं घेतलं.
शोधलं असतं तर ड्रॉवरमध्ये निळं सापडलं असतं.
शोधलं नाही.
ह्याला धाडस म्हणू नका.
काय होतं ते मलाच माहीत नाही. लाईट नव्हती.

दिवाळीनंतर तो मिरजेच्या स्टँडवर दिसला.
कमरेला पट्टा, काखेत एक्स-रे,
मागे बायको, गर्दीचा धक्का लागू नये म्हणून
दोन्ही हात पसरून उभी.
वाटलं, ओळख दाखवणार नाही.
तोच आला,
काठोकाठ भरलेली घागर न्यावी तसा स्वतःला नेत.
"म्याडम, पत्र मेडिकलवाल्या पोरानं वाचून दावलं.
एक बरं केलंसा.
अकरा वर्षं पगाराच्या चिठ्ठीवर नेमगौडा येत हुतं.
ह्या टायमाला नाव बरोबर घातलंसा."

टोमणा नव्हता तो.
मी सांगलीच्या बसकडे बघत राहिले.
मग, कुणाला तरी पत्ता सांगावा तसं म्हटलं,
"पोस्टाचं पाकीट जपून ठेवलंय का?
त्यावरचा शिक्का बघा. कुठल्या तारखेचा आहे ते."
तो बायकोकडे वळला. ती म्हणाली,
"खाकी कागद चांगला हुता,
पोरीच्या गणिताच्या वहीला कव्हर घातलंय."
"मग काढा," मी म्हटलं. "अलगद. फाडू नका."
बस लागली. मागच्या सीटवर बसले,
उतरेपर्यंत तिकीट मुठीत ओलं झालं होतं.

आज समन्स आलं, कामगार न्यायालयाचं, माझ्या नावाचं:
मूळ रजिस्टर घेऊन हजर राहावे.
काचेआड साहेबांचं अर्धं डोकं दिसतंय,
फोनवर, माझ्याकडे न बघता.
माझं पिशवीचं ऑपरेशन मार्चमध्ये ठरलंय.
सहा आठवडे रजेचा अर्ज
चार दिवस ह्याच टेबलावर आहे,
पंचिंग मशीनखाली,
अजून कुणाच्या हाती दिलेला नाही.

आवक रजिस्टर उघडलं.
समन्स चढवलं. आजची तारीख, वेळ, अकरा वाजून वीस.
खालच्या ओळीत माझा अर्ज चढवला.
मधे फट ठेवली नाही.